घारापुरीच्या सेवेला पुन्हा पुन्हा

मुंबईच्या अपोलो बंदरापासून सुमारे १० किलोमीटरवर असलेले घारापुरी बेट लेण्यांसाठी जगप्रसिद्ध आहे. १९८७ साली ही लेणी जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाली. परंतु शेतबंदर, राजबंदर व मोराबंदर या वस्त्यांचे ते गावही आहे. उरण तालुक्यातील या गावाला स्वतःची ग्रामपंचायत असून, समुद्रतळावरील केबलद्वारे २०१८ साली तेथे कायमची वीज पोहोचली.

हंगामाचा ताण

पावसाळा सरताच पर्यटकांचा ओघ वाढतो. महाशिवरात्रीस भाविकांची त्यात भर पडते. बेटावरील प्रत्येक बाटली बोटीतून येते आणि परत नेली नाही तर तेथेच साचते. पायऱ्या चढताना वृद्धांची दमछाक होते. सायंकाळी परतीच्या बोटींसाठी धक्क्यावर दाटी होते. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या बोटीची धडक बसून १५ जणांचे प्राण गेले. लाइफ जॅकेट घालण्याचा आग्रह किती मोलाचा, हे या दुर्घटनेने दाखवून दिले.

अनुभवाचे मोल

गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव साजरा होतो. गिरगाव, लालबाग, परळ, दादर येथील मंडळांच्या कार्यकर्त्यांना दोर धरून गर्दीला वाट करून देण्याची सवय असते. असे तरुण घारापुरीस उपयोगी पडतील. मात्र रस्त्यावरील गर्दी गल्लीत वळविता येते. धक्क्यावर बाजूंना पाणीच असते. म्हणून स्वयंसेवकाचा पहिला हंगाम शिकण्यात जातो. भरती-ओहोटीच्या वेळा, बोटींवरील खलाशी, दुकानदार यांची ओळख झाल्यावर दुसऱ्या हंगामात तो खरा उपयोगी ठरतो.

पंचायतीने काय करावे

सोमवारी लेणी बंद असतात. त्या दिवशी ग्रामस्थ व स्वयंसेवकांची बैठक घेऊन कामे वाटून द्यावीत. स्वयंसेवकांची नोंदवही ठेवून त्याच व्यक्तींना पुढील वर्षी आवर्जून बोलवावे. त्यांनी आपले पाणी व शिदोरी बरोबर आणावी, कचरा परत न्यावा. वाटाड्याचे, ओझी वाहण्याचे काम ग्रामस्थांच्या उपजीविकेचे आहे. सेवेच्या नावाखाली ते हिरावले जाता कामा नये.

एकदा येणारा बेट पाहून जातो. पुन्हा येणाऱ्याला गाव कळते. पंचायतीने अशांचीच साथ जोडावी.