दृक्‌श्राव्य साहित्य : सार्वजनिक प्रदर्शन-हक्काची तालिकेतील नोंद

ग्रंथालयाने चित्रपटाची डीव्हीडी विकत घेतली, म्हणजे ती जाहीरपणे दाखविण्याचा हक्कही घेतला, असे तुम्ही समजू नका. या दोन बाबी वेगळ्या आहेत. भारतीय कॉपीराइट अधिनियम, 1957 च्या कलम 52 नुसार शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात चित्रपट दाखविता येतो. मात्र प्रेक्षक संस्थेचे कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कार्याशी संबंधित व्यक्ती इतकेच असावे लागतात. तोच चित्रपट सर्व गावकऱ्यांना दाखवायचा असेल, तर प्रवेश विनामूल्य असला तरी हक्कधारकाची अनुमती घ्यावी लागते.

ही अनुमती कोठे नोंदवावी? मार्क 21 मध्ये वापराच्या व पुनरुत्पादनाच्या अटींसाठी 540 हे क्षेत्र आहे. तेथे केवळ ‘प्रदर्शन-हक्क उपलब्ध’ असे लिहिणे पुरेसे नाही. कोठे, कोणासाठी आणि कधीपर्यंत, हे त्यातून कळत नाही. पुढील नोंद पाहा : ‘सार्वजनिक प्रदर्शनास अनुमती, केवळ या ग्रंथालयाच्या सभागृहात, विनाशुल्क, 31 मार्च 2027 पर्यंत.’

हा हक्क त्या-त्या ग्रंथालयाने मिळविलेल्या परवान्यापुरता असतो. म्हणून अन्य ग्रंथालयाची नोंद उतरवून घेताना तिच्यातील हा मजकूर वगळावा.

परवान्याचा कागद फायलीत राहतो. देवघेव विभागातील कर्मचाऱ्यासमोर मात्र तालिकाच असते. तीत नोंद नसेल, तर हक्क असूनही वाचकाला नकार मिळेल, किंवा हक्क नसताना होकार दिला जाऊन ग्रंथालयाकडून कायद्याचा भंग होईल.