वठलेल्या खोडातील जीव

माशी म्हटले की अस्वच्छता आणि रोगराई यांचीच आठवण आपल्याला प्रथम होते. परंतु माशीची ही ओळख घरमाशीसारख्या मोजक्या जातींवरून बनलेली आहे. माश्या, डास, चिलटे यांचा समावेश असलेल्या द्विपंखी कीटकांच्या दीड लाखाहून अधिक जातींची आजवर नोंद झाली आहे. त्यांपैकी अनेक जाती फुलांचे परागीभवन करतात, तर अनेकींच्या अळ्या कुजणाऱ्या पदार्थांचे विघटन करतात. यांतील काही जाती आज दुर्मीळ झाल्या आहेत.

स्कॉटलंडमधील ‘पाइन हॉवरफ्लाय’ ही अशीच एक माशी. तिचा रंग काळा असून पोटाचे टोक नारिंगी-तांबडे असते. प्रौढ माशी फुलांवर जगते. मात्र तिच्या अळ्या वाढतात त्या पाइन वृक्षाच्या जुन्या, रुंद बुंध्यात. बुरशीमुळे बुंध्याचा गाभा मऊ होतो, तेथे पोकळी पडून पाणी साचते आणि त्या ओलसर, कुजक्या लाकडातील सूक्ष्म जीवांवर अळ्या पोसल्या जातात. पूर्वी तेथील नैसर्गिक पाइनवने मोठ्या प्रमाणावर तोडली गेली. वृक्षांना म्हातारे होऊन वठायला अवसरच उरला नाही. त्यामुळे माशीचे घर नाहीसे झाले आणि ब्रिटनमध्ये ती केवळ स्कॉटलंडच्या एका लहानशा भागात उरली.

तिला वाचवण्यासाठी संशोधकांनी दोन मार्ग अवलंबिले. एक म्हणजे, पाइनच्या बुंध्यांत करवतीने खोबणी पाडून त्यांत लाकडाचा चुरा व पाणी भरले. म्हणजे निसर्गाला जे घडवण्यास अनेक वर्षे लागतात ते निवासस्थान त्यांनी कृत्रिम रीतीने तयार केले. दुसरे म्हणजे, ‘हायलँड वाइल्डलाइफ पार्क’ या प्राणिसंग्रहालयात अळ्या वाढवून त्या केर्नगॉर्म्सच्या अरण्यात सोडल्या. २०२२ साली, जवळपास एका दशकानंतर, तेथील अरण्यात प्रौढ माशी पुन्हा दिसली.

तरीही हे यश अपुरे आहे. मानवाने पाडलेली खोबणी कायम टिकत नाहीत. ती पुन्हा पुन्हा करावी लागतात. वृक्षांना पूर्ण आयुष्य जगू दिले आणि वठलेली खोडे जागीच राहू दिली, तरच ही माशी माणसाच्या मदतीवाचून जगू शकेल. आपल्याला निरुपयोगी वाटणारे कुजके खोड हेच तिचे घर आहे, म्हणून तिचे संरक्षण त्या खोडापासूनच सुरू होते.