रानातील धावपट्टी आणि शेजारधर्म

अमेरिकेतील आयडाहो राज्याच्या मध्यभागी डोंगर, सूचिपर्णी अरण्ये आणि खोल दऱ्या यांचा एक अफाट प्रदेश आहे. १९८० साली कायदा करून तो राखीव अरण्य ठरविण्यात आला आणि १९८४ मध्ये त्यास सिनेटर फ्रँक चर्च यांचे नाव जोडले गेले. क्षेत्रफळ सुमारे २४ लाख एकर, म्हणजे आपल्या सांगली जिल्ह्याहूनही अधिक. या अरण्यात मोटारगाडी नेता येत नाही, सायकलदेखील नाही. लहान विमानास मात्र मुभा आहे. हा प्रदेश राखीव होण्यापूर्वीच येथे गवताच्या व मातीच्या धावपट्ट्या होत्या. नियमित वापरातील अशी धावपट्टी अत्यंत धोका असल्याखेरीज आणि राज्य शासनाच्या लेखी संमतीखेरीज कायमची बंद करता येणार नाही, असे १९८० च्या कायद्यातच नमूद आहे.

हक्क एवढा भक्कम असताना वैमानिकांनी कोणाची पर्वा का करावी? व्यापारी वाचकांस उत्तर सांगावयास नको. तारण कितीही भक्कम असले तरी पत ही निराळी गोष्ट असते.

या धावपट्ट्यांचे शेजारी नानाविध आहेत. सॅमन नदीच्या मिडल फोर्क या शाखेवर रबरी तराफ्यांतून प्रवास करणाऱ्यांना परवान्यासाठी सोडतीत नाव यावे लागते. अनेकांची त्यात वर्षे जातात. इतक्या प्रतीक्षेनंतर लाभलेल्या शांततेत डोक्यावर इंजिन घोंघावू लागले तर त्यांचा संताप स्वाभाविक आहे. गंमत अशी की, उन्हाळा सरताना नदीच्या वरच्या भागातील पाणी आटते, तेव्हा हेच प्रवासी विमानाने इंडियन क्रीक येथे उतरून तेथून तराफे सोडतात. आतल्या दुर्गम मळ्यांवरील कुटुंबांचे टपालही विमानानेच येते. विमान येथे कोणास सर्वथा नकोसे आहे असे नाही; गाऱ्हाणे आहे ते विनाकारण होणाऱ्या आवाजाचे.

खरा पेच पहाटेचा आहे. हवा तापली की विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही घटतो. उंचावरील आखूड धावपट्टीवर हा फरक जिवावर बेतू शकतो. दुपारी दऱ्यांतील वारेही खवळतात. म्हणून सुज्ञ वैमानिक सकाळच्या थंड हवेतच उड्डाण करतो आणि नेमके तेव्हाच तंबूंतील माणसे झोपलेली असतात. हा पेच कोणत्याही नियमाने पुरता सुटणारा नाही. तो सौम्य मात्र करता येतो. सामान आदल्या सायंकाळीच भरून ठेवावे. इंजिन सुरू करताना विमानाची शेपटी तंबूंकडे नसावी, अन्यथा धूळ आणि वाऱ्याचा झोत थेट झोपलेल्यांवर जातो. आवाजाचा मोठा वाटा प्रोपेलरच्या टोकांचा असतो. ती ध्वनीच्या वेगाजवळ पोहोचली की कर्कश गर्जना उठते. सुरक्षित उंची गाठताच फेरे थोडे उतरविले तरी गोंगाट बराच ओसरतो. दरी अरुंद असेल आणि समोर कडा असेल, तर मात्र आधी जीव, मग शांतता. याविषयी दुमत असू नये.

जॉन्सन क्रीक येथील गवती धावपट्टी राज्य शासनाच्या देखभालीखाली आहे आणि तिच्या कडेलाच वैमानिकांचे तंबू पडतात. अशा ठिकाणी सरावासाठी पुनःपुन्हा उतरून उडणे, अथवा मित्रांना दर्शन देण्यासाठी घिरट्या घालणे, हा निव्वळ अविचार होय. राखीव अरण्यावरून जाताना जमिनीपासून किमान २,००० फूट उंची राखावी, अशी तेथील हवाई प्रशासनाची विनंती आहे. ती आज्ञा नाही, म्हणूनच ती पाळणाऱ्याचे मोल अधिक.

जमिनीवर उतरल्यानंतरही शेजारी असतातच. पावसाने भिजलेल्या गवतावर करकचून ब्रेक लावल्यास चरे पडतात आणि पुढच्या विमानाचे चाक त्यांत अडखळते. १२२.९ ही लहरसंख्या अनेक धावपट्ट्यांची सामाईक आहे. तेथे गप्पा रंगल्या तर पलीकडच्या दरीत उतरणाऱ्याची सूचना बुडते. खासगी मळ्याच्या पट्टीवर उतरण्यापूर्वी मालकाची अनुमती घ्यावी लागते. नकार आला, तर कारण न विचारता दुसरी पट्टी गाठावी.