आजीच्या अंगठीतला लाल खडा

हरसूलच्या डोंगरांत काळा बेसॉल्ट आहे. त्यात रत्न म्हणून वापरता येईल असं गार्नेट मिळत नाही. आजीच्या अंगठीतला खडा दुरूनच आलेला. राजस्थान आणि ओडिशा ही गार्नेटची जुनी माहेरं. घरात गडद लाल खड्याला सर्रास माणिक म्हणतात, पण तो गार्नेट असेल तरी हिरमुसू नका. शेजारच्या त्र्यंबकेश्वरात राहूसाठी घालतात तो गोमेदही गार्नेटच, मधाळ केशरी रंगाचा. भिंगातून गोमेदात पाकासारखी हलती लहर दिसते.

लाल खड्याची घरगुती परीक्षा सोपी आहे. सोन्याची किंवा चांदीची अंगठी पाण्यावरच्या थर्मोकोलवर ठेवा आणि निओडिमियमचं जोरकस चुंबक खड्याजवळ न्या. लोहयुक्त लाल गार्नेट हळूच ओढलं जातं. माणिक, काच सहसा नाही. पक्का निकाल मात्र रत्नपरीक्षा प्रयोगशाळेचाच. घासून कधीच पाहू नका. गार्नेटचं काठिण्य सातच्या आसपास, माणकाचं नऊ.

कोंदण मागून उघडं असेल तर कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रश पुरे. बंद असेल तर पाणी टाळा, आतला चमकीचा वर्ख काळवंडतो. मग सकाळच्या उन्हात खडा तिरपा धरा: काळसर वाटणारा रंग डाळिंबी होतो.