मे महिन्याची बाग जूनमध्ये लावा

दोस्तांनो, उन्हाळ्याच्या सुटीत तुम्ही पंधरा दिवस मामाच्या गावाला जाता. तेव्हा तुमच्या झाडांना पाणी कोण घालतं? परत येऊन बघावं, तर निम्मी बाग वाळलेली! यावर उपाय आहे बरं का. पण तो मे महिन्यात नाही, जूनमध्ये करायचा.

गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडचंच बघा. हा तलावांचा आणि धानाचा मुलूख. वर्षाला १२०० मिलिमीटरहून जास्त पाऊस; पण बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. पुढचे आठ महिने जवळजवळ कोरडे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तर थंडीतल्या काही रात्री १० अंशांच्याही खाली उतरतो! हे सगळं सोसणारी झाडं निवडा: शेवगा, सीताफळ, बोगनवेल, सदाफुली, कोरफड. कोरफडीची गंमत ठाऊक आहे? बहुतेक झाडं पानांवरची सूक्ष्म छिद्रं दिवसा उघडतात. कोरफड ती रात्रीच्या गारव्यात उघडते. म्हणून तिचं पाणी कमी उडतं.

पहिला चांगला पाऊस पडला की रोपं लावा. चार महिने ओल मिळते, मुळं खोल जातात.

पाऊस सरला की धानाची तणस कामी येते. बुंध्यापासून चार बोटं जागा सोडून तिचा वीतभर थर पसरा. बुंध्याला चिकटवू नका, नाहीतर उधळी लागते. या पांघरुणाखाली माती गार राहते, ओल टिकते.

पहिल्या उन्हाळ्यात रोपं लहानच असतात. त्यांच्याजवळ मातीचा जुना माठ गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा आणि झाकण ठेवा, म्हणजे डास होणार नाहीत. आजूबाजूची माती सुकली की ती माठातून पाणी ओढून घेते. ओली असली की ओढणं मंदावतं. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीही ही युक्ती माहीत होती! माठ मात्र रंगवलेला नको. रंगानं त्याची छिद्रं बुजतात. पुरण्याआधी भरून बघा. बाहेरून ओलसर झाला, तरच तो कामाचा.

आता शेजारच्या काकूंना रोज बादल्या उचलायला नकोत. दोन-चार दिवसांनी माठ भरला की झालं. ज्या महिन्यात विहिरीचा तळ दिसतो, त्या महिन्यात वाचलेली एकेक बादली मोलाची असते, नाही का?