एकच स्लाइड, दोन रिपोर्ट

तानसा धरणाचं पाणी 1892पासून मुंबईला जातं. शहापूर किंवा मुरबाडमधल्या एखाद्या बाईचा पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी काचेवर घेतलेला नमुना) घेतला, तर ती काचपट्टीही बहुधा त्याच दिशेने निघते. ती वाचणारं माणूस पाड्यावर नसतं.

होय, स्मिअर वाचावाच लागतो. लाकडी स्पॅच्युलाने गर्भाशयमुखावरच्या पेशी खरवडून काचेवर पसरतात आणि लगेच अल्कोहोलमध्ये बुडवतात. एप्रिल-मेच्या उकाड्यात यात जरा उशीर झाला की पेशी सुकतात, फुगतात. मग दोष सिस्टरच्या टेबलावरचा आणि बोल लॅबला, असंही होतं.

नीट घेतलेल्या स्लाइडवर हजारो पेशी असतात, बिघडलेल्या मोजक्याच. निरोगी पेशी ओळखू येतात, कर्करोगाच्याही येतात. भांडण मधल्यांवरून असतं. आंब्याला पाड लागला की नाही, यावर चार बागायतदारांचं एकमत होत नाही, तसं.

अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात हे मोजलं गेलं. 2001 साली त्याचे निष्कर्ष आले. पहिल्या वाचनात 'अनिश्चित' ठरलेल्या 1473 स्लाइड दुसऱ्या तज्ज्ञांना दिल्या, तेव्हा तेच मत फक्त 43 टक्के स्लाइडवर मिळालं. आणि हे सगळे मुरलेले पॅथॉलॉजिस्ट! त्याआधी 1988मध्ये अमेरिकेतच बेथेस्डा इथे रिपोर्टची समान परिभाषा ठरली होती. त्यामुळे सगळ्या लॅब एकच शब्द लिहू लागल्या. डोळे मात्र वेगवेगळेच राहिले.

महाराष्ट्राने या प्रश्नाला बगल देणारी वाट शोधली. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने 1999पासून उस्मानाबाद जिल्ह्यातल्या (आताचा धाराशिव) 1,31,746 स्त्रियांवर अभ्यास झाला. गावांचे चार गट पाडले: स्मिअर, व्हिनेगरमधलं आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी केलेली व्हीआयए तपासणी, हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, आणि नेहमीचे उपचार. 2009मध्ये निकाल आला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. स्मिअर आणि व्हीआयएच्या गटांत लक्षणीय घट दिसली नाही. एचपीव्हीचा निकाल यंत्र ठरलेल्या मर्यादेवर देतं, वाचणाऱ्याच्या नजरेवर नाही. जागतिक आरोग्य संघटनाही 2021पासून हीच चाचणी पहिली करा म्हणते.

पण डोळा अगदीच बिनभरवशाचा नाही. टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत वस्तीतल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन व्हीआयए करायला लावली. त्यांची मतं तज्ज्ञ स्त्रीरोगतज्ज्ञाशी ताडून पाहिली. योगायोगाने जुळणारी उत्तरं वजा केल्यावर सहमती 0.84 निघाली (पूर्ण सहमती म्हणजे 1). अमेरिकेतल्या त्या अभ्यासात स्मिअरसाठी ती 0.46 होती. हे आकडे एका तराजूत तोलायचे नाहीत, कारण व्हीआयएत उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच असतं. दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्यावर तिथले या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले.

2016च्या केंद्रीय सूचनांनुसार 30 ते 65 वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी व्हीआयए अपेक्षित आहे, तीही गावाजवळ. तिथे लॅबच लागत नाही. लागते ती सिस्टरच्या नजरेची वेळोवेळी फेरतपासणी.

खासगीत स्मिअर केलेल्या बाईने रिपोर्टमध्ये आधी 'नमुना समाधानकारक' लिहिलंय का ते पाहावं. शंका असली तर लॅबकडून स्लाइड मागून घ्यावी. रंग दिलेली काच वर्षानुवर्षं टिकते. शहापूरजवळच्या आटगावहून लोकलने ती मुंबईत नेऊन दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवता येते.