‘पहूर’ बरोबर, ‘पहुरात’ चूक?

जळगावहून अजिंठ्याकडे निघालं की जामनेर तालुक्यातलं पहूर लागतं. ‘पहूरला’ लिहिताना हू दीर्घ, ‘पहुरात’ म्हटलं की ऱ्हस्व. शुद्धलेखन तपासणाऱ्या संगणकाला एवढंही शिकवावं लागतं.

युनिक्स या संगणकप्रणालीवरचा ‘स्पेल’ हा शुद्धलेखन तपासनीस स्टीव्ह जॉन्सन यांनी 1975 मध्ये बेल लॅब्जमध्ये एका दुपारी उभा केला. मजकुराचे शब्द सुटे करायचे, क्रमाने लावायचे, दुबार आलेले काढायचे, कोशाशी ताडून उरलेले दाखवायचे. तीच जुनी कृती मराठी फाइलवर चालवली तर एकही चूक निघत नाही! शब्द सुटे करणाऱ्या ‘टीआर’ला फक्त ए ते झेड सांगितलेलं असतं, त्यामुळे सगळी देवनागरी आधीच गळून जाते. रिकामा पडदा बघून फाइल बिनचूक समजणं फार धोक्याचं.

पुढे डग मॅकइलरॉय यांनी 30,000 शब्दांचा कोश 64 किलोबाइटच्या मेमरीत बसवला. प्रत्यय छाटले आणि शब्दांऐवजी त्यांचे सांकेतिक आकडे ठेवले. त्यात साधारण 4,000 चुकीच्या शब्दांमागे एखादा निसटे. तेवढं त्यांनी चालवून घेतलं. मला यातली प्रत्यय छाटण्याची युक्ती सर्वांत मोलाची वाटते, कारण मराठीचा सगळा जीव प्रत्ययांत आहे.

आज लिबरऑफिस आणि फायरफॉक्समध्ये चालतो तो ‘हन्स्पेल’ लास्लो नेमेथ यांनी हंगेरियनसाठी घडवला. तीही प्रत्ययांनी लांबणारी भाषा. त्याच्या एका फाइलीत मूळ शब्द, दुसरीत प्रत्ययांचे नियम. सामान्यरूपात उपान्त्य ऊ ऱ्हस्व होतो, हा शुद्धलेखनाचा नियम तिथे ‘ूर काढा, ुरात लावा’ असा लिहिता येतो. ‘पहूरला’साठी मात्र वेगळी ओळ, कारण गावांच्या नावांत ‘ला’ लागताना मूळ रूप तसंच राहतं.

सर्वांत छळतो तो ‘शेतकऱ्यांना’. यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण यंत्राला ते दोन वेगळे शब्द. म्हणून तपासणीआधी सगळीकडे एकच रूप करून घ्यावं.

मग ‘हन्स्पेल’ला ‘एल’ हा पर्याय दिला की फक्त अनोळखी शब्द बाहेर येतात. त्यांत खऱ्या चुका असतात, तशीच गावांची, माणसांची नावं आणि तावडी बोलीतले शब्दही असतात. ते चूक नाहीत. त्यांची आपली यादी करून ‘पी’ या पर्यायाने जोडावी. साधी मजकुराची फाइल, ओळीला एक शब्द. व्हॉट्सॲपवरून दुसऱ्या गावालाही पाठवता येते.